घरी चालू, रस्त्यावर बंद

रोज सकाळी साडेसहाला डोमाजी टेंभुर्णे गाडी चालू करायचे आणि कुठेही जायचे नाहीत.

रात्रीतून बॉनेटवर जे काही साचलं असेल, हिवाळ्यात दव, उन्हाळ्यात धूळ, धान निघायच्या दिवसांत तनसीचा, धानाच्या पेंढ्याचा, बारीक चुरा, ते आधी फडक्यानं पुसलं जायचं. मग डावीकडून एक फेरी आणि चारी टायरांना चपलेच्या टोकानं एकेक ठोसा. मग आत बसून चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, इंजिन लागलं की चोक थोडा थोडा आत ढकलायचा आणि खाली उतरून, बॉनेटवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभं राहायचं. आत वच्छला चहा टाकायची. चहा होईपर्यंत इंजिन चालायचं. कप बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीवर, आला की किल्ली उलटी फिरायची आणि एकोडीच्या त्या गल्लीत पुन्हा कोंबडे ऐकू यायचे.

पहिल्या वर्षी वच्छलानं विचारलं होतं, "कुठं जाऊन राहिले?"

"कुठं नाई."

"मंग चालू कायले केली?"

"बसून राह्यली का जाम होते."

त्यानंतर तिनं विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून धूर थांबला नाही. टिनाच्या शेडमध्ये उभी असलेली ती पांढरी फियाट तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून उभी असायची, आणि तेरा वर्षं त्या घरातल्या पहिल्या चहाला पेट्रोलचा वास होता.

डोमाजी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं जीपचे ड्रायव्हर होते. साहेब येत गेले, बदलून गेले, जीप तीन झाल्या, ड्रायव्हर एकच. निवृत्त झाल्यावर साकोलीच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं लेकीकडे नागपूरला राहायला जाताना आपली फियाट विकायला काढली, आणि डोमाजींनी घरात कोणाला न विचारता ती घेतली. तिला आणायला मात्र ते वच्छलाला घेऊन गेले. गाडीजवळ पोचल्यावर त्यांनी मागचं दार उघडून धरलं आणि वच्छला आत बसली. दार उघडून धरणं ही हाताची सवय होती. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं ते गावाबाहेरच्या बोडीपर्यंत, छोट्या तळ्यापर्यंत, आल्यावर.

"समोर ये ना," ते गाडी थांबवून म्हणाले.

"आता कायले. बरी बसली मी साहेबावानी."

ती तशीच मागे बसून गावात शिरली. लोकांनी हसून घेतलं. डोमाजींना त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याची. त्या वर्षी गाडीची नोंदणी संपत होती. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी भंडाऱ्याच्या आरटीओत जाऊन तपासणी करून घ्यावी लागते, तेव्हा कागद पुढे चालतात. मुदत जूनच्या पहिल्या शनिवारी संपणार होती. पुण्याहून सूनबाई प्रतीक्षानं मोबाइलवरून त्याआधीच्या बुधवारची वेळ घेऊन दिली. मुलगा अश्वजित फोन हातात घेऊन म्हणाला, "बाबा, मी एक सांगू का. पुरे झालं आता. तिले भंगारात देऊन टाका. तुमाले कुठं जायचं असन तं मी इथून टॅक्सी बुक करून देतो."

"टॅक्सीत मी मागं बसू का?" डोमाजींनी विचारलं.

"मंग कुठं बसता?"

 त्यांनी उलट एक गोष्ट सांगून टाकली, आणि ती वच्छलानं स्वतःच्या कानांनी ऐकली. "गाडी आपल्या पायानं भंडाऱ्याले गेली तं घरी येईन. दोरी बांधून न्याव लागली तं तिथूनच भंगारवाल्याले देऊन मी एसटीनं येतो." एकतीस वर्षांत त्यांची जीप एकदाही दोरीला बांधली गेली नव्हती. हा माणूस बोलला म्हणजे तसंच करणार, हे वच्छलाला ठाऊक होतं, आणि गाडी गेल्यावर रोज सकाळी साडेसहाला हा माणूस काय करणार, हे तिला ठाऊक नव्हतं.

पण त्या उन्हाळ्यात गाडी बिघडली, आणि ती बिघडली कशी ते सांगायला मार्चपासून सुरू करावं लागतं.

मार्चमध्ये डोमाजी रोज कुरकुर करायचे की पेट्रोल हवेत उडून जातं. "टंकीत टाकलं तेवढं रस्त्यावर जळून नाई राहिलं. उभ्या उभ्या उडून राहिलं." वच्छलाची कुरकुर वेगळी होती. तिचे तांदळाचे पापड खाटेवर वाळायला पडले की त्यांना तो वास लागायचा. दोघांची तक्रार एकाच झाकणाकडे बोट दाखवत होती, आणि झाकण बंद करणं हे वच्छलाचं काम होतं.

तिचं माहेर कोंढ्याचं. तिथं बियाण्याचं धान ढोलीत ठेवतात. बांबूची विणलेली उंच ढोली, बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. धान भरून झालं की तोंड बंद करायचं, आणि असं बंद करायचं की मुंगी जाऊ नये, ओल जाऊ नये, हवासुद्धा जाऊ नये. लग्नाआधी ते काम वच्छलाचं होतं. एकोडीतही कोणाच्या घरचं बियाणं ठेवायचं असलं की बायका तिला बोलवायच्या. तिनं बंद केलेल्या ढोलीत कधी सोंड्याचा किडा पडला नाही, असं तिची सासूसुद्धा चारचौघींत कबूल करायची.

तर वच्छलानं एका दुपारी टाकीचं झाकण काढून आणलं, साबणानं धुतलं, वाळवलं. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून बरोबर मापाची चकती कातरली, मधे भोक पाडून तिचं कडं केलं आणि ते झाकणाच्या आत घट्ट बसवलं. झाकणाच्या मधोमध एक बारीक छिद्र होतं, सुईच्या टोकाएवढं. विळ्याची मूठ बसवायला घरात पळसावरची लाख ठेवलेली असते, तिचा चण्याएवढा तुकडा तापवून तिनं ते छिद्रही बुजवलं. झाकण लावलं. वास बंद झाला.

डोमाजींनी संध्याकाळी झाकण काढून रबर पाहिलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. "फिट बसलं," ते म्हणाले. "अशी पॅकिंग वर्कशॉपमधी बी नाई भेटत." नवऱ्याकडून कौतुक ऐकण्याची तिला फारशी सवय नव्हती. ती दोन दिवस खुशीत होती. छिद्राचं तिनं सांगितलं नाही. एवढंसं छिद्र, त्यात सांगण्यासारखं काय होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाडी साकोलीच्या रस्त्यावर बंद पडली.

दोन आचके दिले आणि थांबली. डोमाजींनी बॉनेट उघडलं, प्लग काढले, पॉलिश पेपरनं घासले, परत लावले. तेवढ्यात वीसेक मिनिटं गेली. किल्ली फिरवली तर इंजिन लागलं. "प्लगात काळं धरलं होतं," ते घरी येऊन म्हणाले. चार दिवसांनी पुन्हा बंद. या वेळी कंडेन्सर बदलला. गाडी लागली. "कंडेन्सर गेला होता." आठवड्यानं पुन्हा. या वेळी पेट्रोलची नळी फुंकली. लागली. "नळीत कचरा होता." दरवेळी दहा-बारा किलोमीटर झाले की ती बंद पडायची, दरवेळी डोमाजी काहीतरी एक करायचे आणि दरवेळी त्यामुळेच ती चालू व्हायची. रोज सकाळी घरी मात्र ती नव्या नवरीसारखी शहाणी. एका हाकेत उठायची आणि चहा होईपर्यंत एका सुरात चालायची.

गावात चंद्रकुमार मोटारसायकली आणि धानाच्या मळणी यंत्रांची दुरुस्ती करायचा. तो येऊन, कमरेवर हात ठेवून, इंजिनाकडे बराच वेळ पाहत राहिला. "काकाजी, हे गर्मीचं काम हाय. पंपात पेट्रोलची वाफ होऊन राहिली. ओला फडका बांधा पंपाले."

ओला फडका बांधला. गाडी साकोलीपर्यंत गेली आणि साकोलीत बंद पडली. फडक्यावर तांब्याभर पाणी ओतून वीस मिनिटं बसलं की चालू झाली. "पाहा, मी सांगतलं होतं," चंद्रकुमार म्हणाला.

"ती बंद पडली ना पन," वच्छला म्हणाली.

"काकी, पानी कमी पडलं."

आणि मे उजाडला तसा डोमाजींचा संशय कार्बोरेटरवर जाऊन बसला, आणि वच्छलाचं घर तिचं राहिलं नाही.

कार्बोरेटर म्हणजे मुठीएवढा ओबडधोबड धातूचा पेला. त्यात हवा आणि पेट्रोल मिसळतं आणि पुढे इंजिनात जातं, एवढं तिला अकरा वर्षांत कळलं होतं. आता तिला हेही कळलं की तो उघडायला तिचं सगळ्यात मोठं ताट लागतं, धुवायला तिची पातेली लागते, घासायला नवा टूथब्रश लागतो, आणि आतली जेट नावाची पितळी पुंगळी, जिच्या छिद्रातून केससुद्धा जायचा नाही, ती साफ करायला तिची चुलीची फुंकणी लागते. पाणी तापवायला चूल पेटवायची म्हटलं की फुंकणी सपरीत. डोमाजी ती ओठांना लावून, गाल फुगवून जेटमध्ये फुंकर मारत बसलेले.

सगळ्यात वाईट पंख्याचं होतं. कार्बोरेटर उघडला की पंखा बंद. आतल्या स्प्रिंगा आणि वायसर इतके हलके की वाऱ्यानं उडतील, म्हणून भर मे महिन्यात, बाहेर शेचाळीस डिग्री असताना, दुपारी बारा ते तीन त्या घरात पंखा लागत नव्हता. वच्छला पदरानं वारा घेत बसायची. एकदा तिनं तोही जोरात घेतला तर डोमाजी म्हणाले, "तिकडं तोंड करून घे."

"मी कुठंबी तोंड करून बसन, तुमाले तं कार्बोरेटरच दिसते."

एक स्प्रिंग तरीही उडाली. साऱ्या घरात शोध झाला. खाटेखाली, चटईखाली, कुंडीत. दुसऱ्या दिवशी तांदूळ पाखडताना ती तिच्या सुपात सापडली. तिनं ती चिमटीत धरून सपरीत नेऊन दिली आणि म्हणाली, "आज शिजली असती."

"देवाले–" असं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मग आपल्या बौद्ध घरात देव नाही हे आठवून नुसतेच हसले. दोन महिन्यांत ते तेवढंच हसले.

एक गोष्ट वच्छलाच्या ध्यानात आली होती. एका सकाळी, ऊन तापायच्या आधीच, गाडी साकोलीच्या वाटेवरच्या दुसऱ्या एका बोडीजवळ बंद पडली. त्या दिवशी डोमाजी इतके वैतागले होते की त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. तळ्याच्या पाळीवर पाठमोरे बसून राहिले. वीस मिनिटांनी उठले, किल्ली फिरवली, आणि गाडी लागली.

"अवो," वच्छला म्हणाली, "आज तं तुमी काहीच नाई केलं."

"इंजन थंडं झालं."

"सकाळी गरमी कुठं होती? अन् तुमी केलं तरी वीस मिन्टं, नाई केलं तरी वीस मिन्टं."

"तुले समजते का त्यातलं?"

"मले वीस मिन्टं समजतात."

 घरी आल्यावर त्यांनी ताट मागितलं. तो कार्बोरेटर उघडण्याचा नववा दिवस होता.

त्याच दुपारी, पातेलीत जेट बुडवलेला असताना, तिनं रागारागानं विचारलं, "असं काय हाय वो या डब्यात? जीप काय कमी चालवली तुमी?"

डोमाजी ब्रश फिरवत राहिले. ब्रश झटकून म्हणाले, "जीपवर महाराष्ट्र शासन लिहून होतं. हिच्यावर काहीच लिहून नाई."

वच्छला उठली आणि त्यांना पाणी आणून दिलं. राग गेला नव्हता. पण पाणी दिलं.

बुधवारी सकाळी साडेसातलाच ते निघाले. अकराची वेळ होती. वच्छला सोबत आली कारण फडक्यावर पाणी ओतायला माणूस लागतो, आणि चंद्रकुमारला त्या दिवशी एक मळणी यंत्र खोलायचं होतं. पायाशी पाण्याच्या दोन कॅन, मांडीवर कागदांची पिशवी. डोमाजींनी नोकरीतल्यासारखा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावला होता.

साकोलीच्या अलीकडे गाडी बंद पडली. फडका, पाणी, वीस मिनिटं. चालू झाली. हायवेला लागल्यावर बारा किलोमीटर बरी गेली आणि ट्रकांच्या मधोमध आचके देऊ लागली. डोमाजींनी ती कडेला घेतली. जेट काढला, फुंकला, लावला. वीस मिनिटं. चालू झाली. घड्याळात साडेनऊ वाजले होते आणि भंडारा अजून बरंच लांब होतं. ऊन रस्त्यावरून उलटून तोंडावर येत होतं. डोमाजींच्या शर्टावर ग्रीसची बोटं उमटली होती. ते आता काही बोलत नव्हते, आणि वच्छलाला त्यांच्या बडबडीपेक्षा हे जास्त जड जात होतं.

लाखनीच्या पेट्रोल पंपापर्यंत गाडी उतारावरून नुसती घरंगळत आली. काटा खाली होता. एरवी ते घरीच डब्यातून पेट्रोल टाकायचे, आज पंपावरच टाकायचं होतं. "पानी संपलं," म्हणत डोमाजी दोन्ही कॅन घेऊन मागच्या नळाकडे गेले. चालताना ते एकदम म्हातारे दिसले. वच्छलानं तिकडे पाहणं टाळलं.

पंपावर एक मुलगी होती. शर्टावर मोना असं नाव शिवलेलं. तिनं झाकणाला हात घातला, फिरवलं, ओढलं, आणि झाकण निघेना. "आजी, हे तं चिपकून गेलं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी ओढलं. झाकण निघालं आणि टाकीनं श्वास घेतला. लांब, खोल, बराच वेळ दाबून धरलेला श्वास. सूंऽऽ करत हवा आत गेली.

"कोन लावलं वो हे?" मोना झाकण उलटं करून पाहत म्हणाली. "वरून हवा जायले जागाच नाई ठेवली. पेट्रोल खाली जाईन, पन मागून हवा नको का जायले?"

वच्छलानं झाकण हातात घेतलं. काळं रबर, तिनं कातरलेलं. मधोमध लाखेचा तपकिरी ठिपका, तिनं लावलेला. तिला सगळं एकदम कळलं, आणि इतकं स्वच्छ कळलं की तिला वाटलं, हे तर मला पहिल्या दिवशी कळायला पाहिजे होतं. ढोलीचं तोंड बंद करणाऱ्या बाईला नाही कळणार तर कोणाला. वीस मिनिटं म्हणजे कुठल्यातरी सांध्यातून चोरून चोरून हवा आत जाईपर्यंतचा वेळ. प्लग नाही, कंडेन्सर नाही, गरमी नाही. दोन महिने ती या माणसावर चिडत होती आणि ते बंद तिच्या हातचं होतं.

तिनं नळाकडे पाहिलं. डोमाजी कॅन भरून परत येत होते, एक खांदा वाकलेला. आत्ता सांगितलं तर ते इथेच उभे राहतील. झाकण हातात घेऊन, ऊन डोक्यावर घेऊन, हिशेब करत उभे राहतील की आपण काय काय उघडलं. आणि अकरा वाजून जातील.

तिनं नखानं रबराचं कडं उपटलं आणि पिशवीत, कागदांच्या खाली टाकलं.

"आता लाव," ती मोनाला म्हणाली. "घट्ट नको लावू."

फडक्यावर पाणी ओतून डोमाजींनी किल्ली फिरवली. गाडी निघाली आणि भंडाऱ्यापर्यंत कुठेच थांबली नाही. दहा किलोमीटरला डोमाजींनी स्टिअरिंग घट्ट धरलं. बाराला श्वास रोखला. पंधराला त्यांनी तिच्याकडे पाहिलं. वच्छला खिडकीबाहेर पाहत होती.

आरटीओत तपासणाऱ्या साहेबांनी दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला, ब्रेक पाहिले. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा आकडे एकेक करून वर आले, आणि डोमाजी वाकून ते असे पाहत होते जसे पहिल्यांदाच वाचत आहेत. साहेबांनी इंजिन चालू करायला लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "चांगली ठेवली गाडी."

"घरीच करतो, साहेब," डोमाजी म्हणाले. "कार्बोरेटर माह्याच हातचा हाय."

पाच वर्षांचे कागद झाले.

परतीच्या वाटेवर ते जे बोलायला लागले ते थांबेनात. मेन जेटमध्ये डोळ्याला न दिसणारी काजळी कशी बसते, ती सरळ फुंकली तर जात नाही, उलटी फुंकावी लागते, हे आज रस्त्याच्या कडेला त्यांना कसं सुचलं, आणि चंद्रकुमारला ते सात जन्मांत कसं सुचलं नसतं. लाखनीत चहाला थांबले. चहावाल्यालाही त्यांनी जेट सांगितला. शेजारी बसलेल्या ट्रक ड्रायव्हरलाही सांगितला. वच्छलानं ठरवलं होतं की आज काही बोलायचं नाही, उद्या पाहू. पण ते तिसऱ्यांदा "उलटी फुंक" म्हणाले तेव्हा तिच्यानं राहवेना.

"अवो, जेट-बिट काही नव्हतं," ती म्हणाली आणि पिशवीतून रबराचं कडं काढून बशीशेजारी ठेवलं.

डोमाजींनी ते ओळखलं. "हे काहून काढलं?"

"सकाळी पंपावर काढलं. त्या पोरीनं झाकन उघडलं तं टंकीनं केवढी तरी हवा ओढली. आत हवाच जात नव्हती, मंग पेट्रोल कसं येईन? अन् झाकनाले छिद्र होतं ते बी मीच बुजवलं होतं मार्चमधी. लाखेनं."

"छिद्र होतं?"

"होतं ना. सुईयेवढं."

त्यांनी कडं बोटात घातलं, फिरवलं. वच्छला भांडणाच्या तयारीनं बसली होती. पॅकिंगचं कौतुक कोणी केलं होतं, वीस मिनिटांचं कोणी ऐकलं नव्हतं, सगळी उत्तरं तिच्या जिभेवर ओळीनं उभी होती. एकाचीही गरज पडली नाही.

"नवीन ड्रायव्हर आला का मी त्याले शिकवत होतो," डोमाजी शेवटी म्हणाले. "गाडी बंद पडली का पयले टंकीचं झाकन ढिलं करून पाहाचं. मंग बाकी."

वच्छलानं बशी त्यांच्याकडे सरकवली.

"दोन महिने," ते म्हणाले.

"हो."

"पंखा बंद करून."

"हो. मी बी तिथंच होती."

ट्रक ड्रायव्हर आपल्या ग्लासात पाहत हसला. डोमाजींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, कडं खिशात टाकलं आणि गाडीत जाऊन बसले. एकोडीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. गाडी मात्र नीट चालली.

घरासमोर चंद्रकुमार उभाच होता. "पोचली का गा काकाजी? काय निघालं मंग?"

"टंकीचं झाकन," डोमाजी खाली उतरत म्हणाले. "मी रबर लावून ठेवलं होतं अन् हवेचं छिद्र बुजवलं होतं. ध्यानातच नाई राह्यलं."

चंद्रकुमार तिथल्या तिथे गुडघ्यावर हात ठेवून हसला. "अन् मले पानी ओताले लावलं. एकतीस वर्षं काय चालवत होते बापा तुमी, बैलबंडी?" संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. पानठेल्यावर पुढचे महिनाभर कोणाची मोटारसायकल बंद पडली की लोक डोमाजींकडे पाहून म्हणायचे, झाकण तर नाही ना बुजवलं.

वच्छला त्या संध्याकाळी भाकर थापताना एवढी आपटत होती की परात वाजत होती. "खोटं कायले सांगतलं? माही चूक होती. मी सांगतली असती, मले काय लोकायचं भेव हाय?"

डोमाजी उंबऱ्यावर बसून दाभणानं झाकणातली लाख टोकरत होते. "नोकरीत साहेबानं गड्ड्यात घालाले लावली तरी मेमो मले भेटे. राग ये तवा. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याची चूक अन् नाव माहं." लाखेचा कण उडाला, त्यांनी झाकण उजेडाकडे धरून छिद्रातून पाहिलं. "आता गाडी माही हाय. मंग चूक बी माह्याच नावावर पाह्यजे."

"म्हंजे चुकीत बी मले मागंच बसवलं म्हना."

"तू बसली होती मागं. मी बसवलं नव्हतं."

तिला त्याचाही राग आला. पण तिनं पंखा लावला, पाचवर, आणि तो त्या रात्री कोणी कमी केला नाही.

त्यानंतर गाडी दोन हिवाळे चालली. कधी साकोलीचा बाजार, कधी कोंढ्याला भावाकडे, एकदा गल्लीतल्या पाच बायांना घेऊन नागपूर. रोज सकाळी साडेसहाला चहाला पेट्रोलचा वास येत राहिला, आणि आता वच्छला त्याबद्दल बोलूही शकत नव्हती, कारण वास बंद केल्यावर काय होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

या जानेवारीत, धान विकून झाल्यावरच्या आठवड्यात, एका सकाळी चहा झाला आणि इंजिन लागलंच नाही. वच्छलानं कप सपरीत आणला. शेडमध्ये कोणी नव्हतं. डोमाजी खाटेवरच होते, भिंतीकडे तोंड करून, पांघरूण नीट घेतलेले. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर अश्वजितनं आईला विचारलं, बाबा शेवटी काय म्हणाले. त्याला काहीतरी जपून ठेवण्यासारखं हवं होतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. ती आठवू लागली. पण जे होतं ते होतं, आणि तिनं तेच सांगितलं. आदल्या दिवशी ऊन उतरताना ते गाडी पुसत होते. उंदरांचा त्रास वाढला म्हणून तिनं बियाण्याचं एक पोतं उचलून गाडीत ठेवलं होतं. त्यांनी काचेतून आत डोकावून पाहिलं, फडकं झटकलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वच्छला, ते मागच्या सीटवरचं पोतं काढून घेजो उद्या. स्प्रिंग बसते."